कॅनिस्टर उघडायच्या आधी: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात माशांच्या टँकसाठी टॉप फिल्टर (टँकच्या वर बसणारा) सोडून कॅनिस्टरकडे, म्हणजे टँकच्या खाली ठेवायच्या, दोन पाईपांनी जोडलेल्या बंद डब्याच्या फिल्टरकडे, कधी वळावं यावर थोडंसं लिहिलं होतं, त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. बरेच प्रश्न सारखे होते म्हणून त्यातले प्रातिनिधिक घेतलेत. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण ती खालच्या जवळपास प्रत्येक उत्तरात येणार आहे: कॅनिस्टर पाण्यातला कचरा गाळतो हे खरंय, पण त्याचं मोठं काम म्हणजे बॅक्टेरियांना राहायला जागा देणं आणि त्यांना सतत ताजं, ऑक्सिजनवालं पाणी पुरवणं. हे डोक्यात ठेवलं की कधी धुवायचं, किती धुवायचं, लाईट गेली तर काय करायचं, सगळं आपोआप सुचत जातं.

प्रश्न: दादा, माझा टँक ३ बाय दीड बाय दीड फुटाचा आहे, त्यात चार मोठे गोल्डफिश आहेत. दुकानदार म्हणतो ताशी १००० लिटरचा कॅनिस्टर भरपूर झाला, मित्र म्हणतो २००० चाच घे. कोणाचं ऐकू? आणि टँक उंच स्टँडवर आहे, त्याने फरक पडतो का? (नाशिक)

आधी तुमच्या टँकचे लिटर काढू. फुटातली लांबी, रुंदी, उंची गुणली की घनफूट मिळतात आणि एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर. तुमचे झाले ६.७५ घनफूट, म्हणजे साधारण १९१ लिटर, पण वर मोकळी सोडलेली जागा, खाली खडी, दगड हे सगळं वजा केलं की खरं पाणी १६०-१७० लिटरच उरतं. माझ्या मते प्रत्यक्ष फ्लो याच्या चार-पाच पट तासाला हवा, म्हणजे ८०० लिटरच्या आसपास, आणि इथे 'प्रत्यक्ष' हा शब्द महत्त्वाचा आहे कारण बॉक्सवर छापलेला आकडा बहुतेक वेळा रिकाम्या फिल्टरचा असतो, आत स्पंज आणि रिंग्ज भरल्या, पाईप जोडले, दोन आठवड्यांचा गाळ साठला की तो आकडा चांगलाच खाली येतो. म्हणून बॉक्सवर १२०० ते १४०० लिहिलेला घ्या, गोल्डफिश भरपूर खातात आणि भरपूर घाण करतात त्यामुळे त्याहून छोटा नको. २००० चा घेतला तर तीन फुटी टँकमध्ये बिचारे दिवसभर प्रवाहाशी झुंजत बसतील, फॅन्सी शेपटीवाले असतील तर जास्तच.

खरा फ्लो घरी मोजता येतो. दहा लिटरची बादली घ्या, आउटलेटचा पाईप त्यात सोडा, मोबाईलवर सेकंद मोजा. ४५ सेकंदात भरली म्हणजे ताशी ८०० लिटर. फक्त बादली टँकमधल्या पाण्याच्या लेव्हलला धरा, जमिनीवर ठेवली तर सायफनमुळे आकडा फुगतो. फिल्टर नवीन असताना एकदा मोजून वहीत लिहून ठेवा, पुढे फ्लो किती पडला ते कळायला तोच आकडा कामाला येतो.

तुम्ही उंचीबद्दल पण विचारलंय. टँक उंच स्टँडवर असला की पंपाला पाणी वर चढवायला खूप जोर लागतो असं बरेच जण समजतात, पण ही बंद लूप आहे, एका पाईपने खाली उतरणाऱ्या पाण्याचं वजन दुसऱ्या पाईपने वर जाणाऱ्या पाण्याला तोलून धरतं. फ्लो खाणाऱ्या खऱ्या गोष्टी म्हणजे लांबलचक पाईप, त्यातली वळणं आणि भरलेला मीडिया, म्हणजे आतले स्पंज, रिंग्ज वगैरे. त्यामुळे पाईप उगाच गुंडाळून ठेवू नका, हवा तेवढा मोजून कापा.

आणि हो, कॅनिस्टर आला म्हणून जुना टॉप फिल्टर त्याच दिवशी काढू नका. चार ते सहा आठवडे दोन्ही एकत्र चालू द्या, बॅक्टेरिया नवीन घरात स्थिरावले की मगच जुना काढा.

प्रश्न: कॅनिस्टर लावल्यावर पाणी बदलायची गरज राहत नाही असं ऐकलंय. खरंय का? (डोंबिवली)

नाही. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यातून अमोनिया होतो, बॅक्टेरिया त्याचं नायट्राईट करतात आणि नायट्राईटचं नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरं बरंच सौम्य, पण ते पाण्यात साठत राहतं आणि साधा कॅनिस्टर ते काढत नाही. ते जातं पाणी बदलल्यावर, आणि थोडं झाडं खातात. आठवड्याला २५-३० टक्के पाणी बदला, फिल्टर कितीही महाग असला तरी.

प्रश्न: काका, मी हॉस्टेलवर दोन फुटी प्लांटेड टँक केलाय, सेकंड हँड कॅनिस्टर मिळाला. दुकानातून स्पंज, सिरॅमिक रिंग्ज, बायो बॉल, कार्बन आणि पांढरा कापूस असं सगळं दिलं. कुठलं खाली, कुठलं वर? सगळं भरलंच पाहिजे का? (पुणे)

सगळं भरायची अजिबात गरज नाही रे. आधी पाणी आत कुठून जातं ते बघ, बहुतेक कॅनिस्टरमध्ये ते बाजूने किंवा मधल्या नळीतून थेट तळाला जातं आणि तिथून बास्केटमधून वर चढत हेडमधल्या, म्हणजे वरच्या झाकणातल्या, पंपाकडे येतं, म्हणजे सगळ्यात खालची बास्केट ही पाण्यासाठी पहिली. काही मॉडेलमध्ये हे वेगळं असतं म्हणून सेकंड हँड आहे तर हेड उघडून एकदा नीट बघून घे.

नियम एकच, मोठा कचरा आधी अडला पाहिजे. म्हणून पहिल्या बास्केटमध्ये जाड छिद्रांचा स्पंज, मग थोडा बारीक स्पंज, त्यानंतर रिंग्ज, आणि रिंग्जना जमेल तेवढी जास्त जागा दे. लोक इथेच उलटं करतात, कापूस सगळ्यात आधी घालतात आणि मग चार दिवसांत फ्लो बंद पडला म्हणून पंपाला दोष देतात. कापूस घालायचाच तर शेवटी, एक पातळ थर, दाबून न भरता. पाणी काचेसारखं दिसतं त्याने, पण तो दोन-तीन आठवड्यांत फेकून नवीन घालायचा.

बायो बॉल परत देऊन टाक. ते मुळात पाणी वरून टपटप पडतं अशा फिल्टरसाठी चांगले, पाण्याने पूर्ण भरलेल्या कॅनिस्टरमध्ये तेवढ्याच जागेत सच्छिद्र रिंग्ज किंवा साधा स्पंजसुद्धा जास्त काम करतो. कार्बन रोजच्यासाठी लागत नाही, माशांना औषध दिल्यानंतर ते पाण्यातून काढायला किंवा लाकडाचा पिवळा रंग घालवायला वापरायचा, तो महिनाभरात संपतो, आणि औषध चालू असताना मात्र काढून ठेवायचा नाहीतर औषधच शोषून घेतो.

सेकंड हँड आहे म्हणून अजून दोन गोष्टी. नवीन ओ-रिंग (डबा आणि हेड यांच्या मधली रबरी कडी) घे, आणि पाईप जुने कडक झाले असतील तर तेही बदल, त्यात काटकसर करू नकोस. आतल्या जुन्या रिंग्ज वाळलेल्या असतील तर त्यात कामाचं काही जिवंत आहे असं धरू नकोस, नव्या टँकसारखं पूर्ण सायकलिंग कर, म्हणजे आत बॅक्टेरियांची वस्ती तयार होऊ दे, टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राईट दोन्ही शून्य आले की मगच मासे सोड.

प्रश्न: मी दर महिन्याला कॅनिस्टर पूर्ण उघडून सगळा मीडिया नळाखाली अगदी स्वच्छ, पांढराशुभ्र होईपर्यंत धुते. तरी प्रत्येक वेळी दोन दिवसांनी पाणी दुधाळ होतं आणि मासे वर येऊन तोंड मारतात. फिल्टर खराब आहे का? (ठाणे)

ताई, फिल्टर उत्तम आहे. तुम्ही मनापासून मेहनत घेताय, फक्त त्या मेहनतीत दर महिन्याला टँकचे बॅक्टेरिया धुवून जातायत. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते असायलाच हवं, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळापर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं लागतं, आपल्यासाठी तेच सुरक्षित पाणी, पण त्याचं कामच जंतू मारणं आहे आणि रिंग्जवर बसलेले आपल्या कामाचे बॅक्टेरिया त्याला वेगळे ओळखू येत नाहीत. त्यात स्पंज पांढरा होईपर्यंत पिळला की वरचा चिकट थरही जातो, तो थर म्हणजेच त्यांची वस्ती. मग अमोनिया खाणारं कोणी उरत नाही, दुसऱ्या जातीचे, पाण्यात तरंगणारे बॅक्टेरिया भसाभस वाढतात आणि पाणी दुधाळ दिसतं, तेही ऑक्सिजन ओढतात. मासे वर येतात ते या दोन्ही कारणांनी.

आत्ता या घडीला पाणी दुधाळ असेल तर फिल्टरला हात लावू नका, खाणं दोन दिवस बंद किंवा अगदी चिमूटभर, एअर पंप चालू, आणि अमोनिया दिसत असेल तर रोज २५ टक्के पाणी क्लोरीन काढून बदला. काही दिवसांत आपोआप निवळतं.

पुढच्या वेळेपासून असं करा. पाणी बदलायच्या दिवशीच फिल्टर उघडायचा, टँकमधून काढलेलं पाणी दोन बादल्यांत ठेवायचं आणि त्यातच धुवायचं. स्पंज पाच-सहा वेळा दाबा, काळपट पाणी निघून गेलं की बस्स, रंग तपकिरी राहिला तरी चालतो, राहायलाच हवा. रिंग्ज फक्त बास्केटसकट बुडवून हलवा, दर वेळी नाही, दोन-तीन साफसफाईंतून एकदा. स्पंज आणि रिंग्ज एकाच दिवशी दोन्ही जोरात धुवायचे नाहीत. नळाचं पाणी वापरायचं ते डबा, पाईप आणि इम्पेलर (पंपातलं फिरतं पातं) यांच्यासाठी, तिथे हरकत नाही. साबण कशालाच नाही.

किती दिवसांनी, तर कॅलेंडर बघून नाही, फ्लो बघून. माझ्या अनुभवात मध्यम माशांच्या टँकला दीड-दोन महिने सहज जातात. मात्र फ्लो चांगला आहे म्हणून सहा महिने न उघडणंही बरोबर नाही, आत साठलेला गाळ तिथेच कुजत राहतो आणि नायट्रेट चढत जातं.

इम्पेलरकडे लोक बघतच नाहीत, तुम्ही बघा. हेड उलटं करा, छोटं झाकण फिरवून काढा, चुंबकाचा तुकडा आणि त्याची बारीक दांडी हळूच ओढा, दांडी बऱ्याच मॉडेलमध्ये सिरॅमिकची असते आणि वाकवली की काडकन मोडते. बुळबुळीत थर जुन्या टूथब्रशने काढा. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांच्या इम्पेलरवर पांढरे क्षार जमतात, त्यासाठी थोडा वेळ व्हिनेगरमध्ये बुडवून स्वच्छ धुवा, खरखर आवाज बऱ्याचदा एवढ्यानेच जातो.

प्रश्न: आमच्याकडे उन्हाळ्यात रोज चार-पाच तास लाईट जाते. लाईट आल्यावर फिल्टरमधून घाण वासाचं पाणी येतं, मागच्या महिन्यात तसं झाल्यावर सकाळी तीन मासे मेलेले. कॅनिस्टर काढून टाकू का? (बीड जिल्हा)

मासे गेले याचं वाईट वाटलं. काढून टाकू नका, पण तुमच्याकडे कॅनिस्टर एकटा ठेवून चालणार नाही, त्याला जोडीदार लागेल.

काय होतं ते समजून घ्या. कॅनिस्टर हा बंद डबा आहे, आत लाखो-करोडो बॅक्टेरिया आणि गाळ, आणि सगळ्यांना ऑक्सिजन लागतो. पाणी फिरायचं थांबलं की आतला ऑक्सिजन ते संपवून टाकतात, डबा किती भरलेला आहे त्यावर तासा-दोन तासांत. मग चांगले बॅक्टेरिया मरायला लागतात आणि ऑक्सिजनशिवाय जगणारे जोर धरतात, त्यांच्यातूनच सडक्या अंड्याचा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाईड. लाईट आली की पंप आपोआप सुरू होतो आणि ते सगळं पाणी एका झटक्यात टँकमध्ये ओतलं जातं. उन्हाळ्यात हे जास्त होतं कारण गरम पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी मावतो, २५ अंशाला लिटरमागे साधारण ८.३ मिलिग्रॅम, ३२ अंशाला ७.३ च्या आसपास, आणि त्याच वेळी मासे आणि बॅक्टेरिया दोघांची भूक मात्र वाढलेली असते.

म्हणून पहिली सवय, लाईट गेली की फिल्टरचं बटण बंद करा, म्हणजे तुम्ही घरी नसताना किंवा झोपेत तो स्वतःहून सुरू होणार नाही. तासाभरात लाईट आली तर सरळ चालू करा. तीन-चार तास उलटले तर आधी डबा उघडा, आतलं पाणी फेकून द्या, मीडिया टँकच्या पाण्यात हलकासा बुडवून काढा, परत भरा आणि मग सुरू करा. दहा मिनिटांचं काम आहे पण मासे वाचतात. लाईट लवकर येणार नाही हे आधीच माहीत असेल तर बास्केट बाहेर काढून टबात टँकच्याच पाण्यात ठेवा आणि त्यात बॅटरीवरच्या एअर पंपाचा दगड सोडा.

हा बॅटरीवरचा, चार्ज होणारा एअर पंप तुमच्या घरी असलाच पाहिजे, फार महाग नसतो, आणि त्यावर टँकमध्ये एक साधा स्पंज फिल्टर कायम चालू ठेवा. मी जोडीदार म्हटलं तो हाच. कॅनिस्टर बंद पडला तरी स्पंजवरचे बॅक्टेरिया जिवंत राहतात आणि माशांना हवा मिळत राहते. लाईट नसताना खायला घालू नका.

इन्व्हर्टर असेल तर कॅनिस्टर त्यावर आरामात चालतो, वर म्हटलेले ताशी १२००-१४०० लिटरचे फिल्टर बहुतेक १५ ते ३० वॉटचे असतात, साधा सीलिंग फॅन त्याहून जास्त खातो. फक्त इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा, स्क्वेअर वेव्हवर मोटर गुणगुणते आणि तापते.

प्रश्न: साफ करून परत लावला की फिल्टरमधून घरघर आवाज येतो, आउटलेटमधून बुडबुडे येतात आणि ते दोन-दोन दिवस थांबत नाहीत. (सातारा)

पहिले काही तास बुडबुडे आले तर सोडून द्या, स्पंजमध्ये हवा अडकलेली असते. ती लवकर काढायची तर डबा बंद करण्याआधी काठापर्यंत पाण्याने भरा, पाईप जोडून वाल्व्ह उघडे ठेवा, आउटलेटमधून बाहेर पडणारी हवा थांबेपर्यंत वाट बघा आणि मगच स्विच लावा, कोरडी मोटर फिरवू नका. सुरू झाल्यावर डबा दोन्ही हातांनी थोडा इकडे-तिकडे कलता करा, अडकलेली हवा भुसकन बाहेर जाते.

दोन दिवस चालू राहिलं तर हवा कुठून तरी येतेय, आणि शोधायची जागा डबा नाही. डबा खाली असतो, तिथे पाण्याचा दाब बाहेरच्या दिशेला असतो, तिथे फट असेल तर पाणी बाहेर टपकतं. हवा आत ओढली जाते ती इनलेटच्या पाईपचा जो भाग टँकच्या पाण्याच्या लेव्हलच्या वर आहे तिथून, म्हणजे काचेवरून वळणारा तो कोपरा आणि तिथला जोड. तो घट्ट करा, पाईपचं टोक सैल झालं असेल तर अर्धा इंच सरळ कापून परत बसवा. एअर पंपाचा दगड इनलेटच्या जवळ असेल तर लांब न्या. इनलेटची जाळी पानांनी भरलेली नाही ना तेही बघा, पंपाला पाणी कमी पडलं की ओढ वाढून पाण्यात विरघळलेली हवासुद्धा बुडबुड्यांच्या रूपात सुटते.

साफ केल्यावर फ्लोच कमी झाला असं दोघांनी लिहिलंय, त्यांनी क्विक रिलीजचा (पाईप झटकन सोडवायच्या जोडाचा) खटका पूर्ण बसलाय का, पाईपला चीर-घडी पडली नाही ना आणि इम्पेलरचं झाकण नीट लागलंय का एवढं आधी तपासा.

प्रश्न: मुलगा न्यू जर्सीत असतो, दिवाळीला येतोय. तिथून चांगला फिल्टर मागवू का? (चिंचवड)

साधा एसी मोटरचा असेल तर नका मागवू. तिकडे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. सरळ लावला तर कॉइल जळेल. स्टेप डाऊन ट्रान्सफॉर्मर लावला तरी तो व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ तेच राहतात, आणि या मोटरींचा वेग हर्ट्झवर ठरतो, त्यामुळे ६० साठी बनवलेला पंप इथे पाच-षष्ठांश वेगानेच फिरेल. शिवाय पुढे इम्पेलर मोडला तर इथे मिळणारा ५० हर्ट्झचा पार्ट त्याला जुळेलच असं नाही. अॅडॉप्टरवर चालणारा डीसी पंप असेल आणि अॅडॉप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर हरकत नाही. जर्मनीतून किंवा दुबईहून कोणी येणार असेल तर तिथली वीज आपल्यासारखीच आहे, फक्त प्लग बघायचा. तरी माझं मत विचाराल तर इथेच घ्या, आणि घेताना दुकानदाराला एवढंच विचारा की ओ-रिंग आणि इम्पेलर सुटे मिळतात का. 'नाही' म्हणाला तर दुसरं मॉडेल बघा.

प्रश्न: तिसऱ्या मजल्यावर राहतो. रात्रीत कॅनिस्टर लिक होऊन खालच्यांच्या घरात पाणी जाईल या भीतीने घेतलेला फिल्टर अजून बॉक्समध्येच आहे. (कोल्हापूर)

भीती योग्य आहे पण तिच्यावर उपाय आहेत. बहुतेक लिक ओ-रिंगपाशी होतात, आणि ते होतात केस, वाळूचा कण किंवा कोरडेपणा यामुळे. दर वेळी उघडल्यावर ओ-रिंग आणि तिची खाच बोटाने पुसा आणि सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. व्हॅसलीन नको, काही प्रकारचं रबर त्याने फुगतं. क्लिपा एकामागून एक न लावता समोरासमोरच्या जोडीने लावा म्हणजे हेड तिरकं बसत नाही. आधी बाल्कनीत किंवा बाथरूममध्ये बादलीवर दिवसभर चालवून बघा, खाली वर्तमानपत्र पसरा, एक थेंब पडला तरी दिसतो. मॅन्युअलमध्ये पाण्याच्या लेव्हलपासून फिल्टरपर्यंत किती उंची चालते ते दिलेलं असतं, ती ओलांडू नका, उंची वाढली की सीलवरचा दाब वाढतो.

आता समजा तरीही लिक झालाच, तर किती पाणी जाईल ते आधीच ठरवून ठेवा. इनलेटची जाळी तळाशी असेल तर सायफनने जवळजवळ अख्खा टँक रिकामा होऊ शकतो, म्हणून ती थोडी वर, अर्ध्या उंचीच्या जवळ ठेवा. आउटलेटचा स्प्रे बार (भोकं असलेली आडवी नळी) पाण्याच्या लेव्हललाच ठेवा, तिकडून उलटं पाणी आलं तरी लगेच हवा घेऊन थांबतं, शिवाय पृष्ठभाग हलत राहतो म्हणून ऑक्सिजनही मिळतो. फिल्टर उंच काठाच्या टबात ठेवा.

विजेचं मात्र हलक्यात घेऊ नका. प्रत्येक वायर प्लगकडे जाताना आधी खाली झोळीसारखी लोंबू द्या आणि मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत न जाता खाली पडतं. एक्स्टेंशन बोर्ड कॅबिनेटच्या तळाला कधीच नाही, वर भिंतीला. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या, आणि टँकमध्ये हात घालायच्या आधी हीटर, फिल्टर सगळं बंद.

प्रश्न: गप्पीची पिल्लं फिल्टरमध्ये ओढली जातात. (सावंतवाडी)

इनलेटच्या जाळीवर जाड छिद्रांचा स्पंज चढवा, कॅनिस्टरसाठी तयार मिळतो, नाहीतर स्पंज फिल्टरचा सुटा स्पंज भोक जुळलं तर चालतो. तो आठवड्याला टँकच्या पाण्यात पिळायचा नाहीतर फ्लो पडेल. आत गेलेली पिल्लं मेली असं धरू नका, साफ करताना डब्यातलं पाणी थेट मोरीत ओतू नका, पांढऱ्या टबात ओतून बघा, गाळ खाऊन वाढलेली तीन-चार हमखास निघतात.